गंजची झांज

उजवा कान नवा झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात वृषाली करडेला कळलं, की भेंडी चिरताना आवाज होतो. गेल्या तीसेक वर्षांत तिनं क्विंटलभर भेंडी चिरली असेल. त्यातली एकही कधी बोलली नव्हती. मग फ्रिज बोलला. पंखा बोलला. शेवटी जिना चढताना स्वतःचे गुडघे बोलले, तेव्हा विज्ञानानं थोडं जपून पुढं जायला हवं, असं तिचं मत झालं.

वृषालीचे कान वयानं गेले नव्हते. ते तिनं स्वकष्टानं घालवले होते. दिवसा ती सरकारच्या भूजल खात्यात होती आणि उरलेल्या वेळात भूमिगत संगीतात. 'आयुष्यभर जमिनीखालीच काम केलं,' असं ती निवृत्तीच्या समारंभात म्हणाली होती. साहेबांना तो विनोद कळला नाही, त्यांनी नम्रतेबद्दल टाळ्या वाजवल्या.

तिच्या बँडचं नाव 'गंज'. 'मेटल' म्हणतात त्या जातीचं संगीत. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी सिमेंटच्या मिक्सरमध्ये भांडी घालून पाहावीत. बँडमध्ये वृषाली काही वाजवत नसे. समोरच्या मिक्सरवर बसून कुणाचा आवाज किती, हे ठरवायची. म्हणजे वाजवायचे चौघं, आणि ऐकायची ती. नाव ठरलं तेव्हा तिचे वडील हयात होते. ते पुण्याच्या तांबट आळीत भांडी ठोकायचे. मठाराचं काम, हातोडीच्या एकेका घावानं तांब्याला चकाकते खळगे पाडायचे. मुलांनी आपल्या बँडला भांड्याचं नाव ठेवलं, गंज म्हणजे पातेलं, असा त्यांचा समज झाला आणि त्यांनी मनापासून आशीर्वाद दिला. कुणी दुरुस्ती केली नाही. केली असती तरी त्यांना ऐकू गेली नसती. चाळीस वर्षं हातोडीखाली बसून त्यांचेही कान गेलेले होते. 'आमच्या घराण्यात मेटलच चालतं,' असं वृषाली त्या काळी सगळ्यांना सांगायची.

'गंज' आणि 'गंज'ची माणसं मिळून जे काही होतं त्याला 'खड्डा' म्हणत. मेटलच्या मैफलीत स्टेजसमोर पोरं रिंगण करून एकमेकांना धडका देतात, त्या जागेला इंग्रजीत 'पिट' म्हणतात, त्याचं हे सरळ पुणेरी भाषांतर. मार्केट यार्डामागं इक्बालभाई बागवानांची केळ्यांची वखार होती. तिच्या तळघरातली केळी पिकवायची जुनी खोली रिकामी पडलेली. भिंती हातभर जाड, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. त्यामुळं आवाजही बाहेर जात नसे. तिथं विशीतली दोनशे पोरं घाम गाळायची. वासही कायमचा लागला: पिकल्या केळ्यांचा. अजूनही फळवाल्याच्या गाडीजवळून जाताना वृषालीच्या छातीत ढोल सुरू व्हायचे.

खड्ड्याचा एकच नियम होता. रेकॉर्डिंग करायचं नाही. येताना मोबाईल दाराजवळच्या क्रेटमध्ये टाकायचा आणि खाली उतरायचं. जे वाजलं ते तिथंच संपलं पाहिजे, असं काहीतरी तत्त्व त्यामागं होतं. पंचविशीत माणसाला तत्त्वं परवडतात.

मग दिवस गेले. आधी कार्यक्रम रात्री दहाला सुरू व्हायचा. पुढं आठला. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यावर महिन्याचा पहिला रविवार, दुपारी चार. दोनशेची वीस-बावीस माणसं उरली. काही वारली, काही मुलांकडं परदेशी गेली, काहींनी ध्यानधारणा सुरू केली. खड्ड्यात तिन्ही प्रकारांचा शोक सारखाच पाळला जाई. रिंगण अजून व्हायचं. फक्त कुणाचा कुठला गुडघा बदललाय, हे आधी सांगून मग धडकायचे.

*

कान दुरुस्त करायचं वृषालीच्या मनात नव्हतं. ते एका फोननं घडवलं.

तिची मुलगी ओवी. नाव आजोबांनी ठेवलेलं. नावाला जागून पोरगी लहानपणापासून हळू बोलायची. घरात एवढा गोंगाट असताना एका माणसानं हळू बोललंच पाहिजे, असं तिला वाटलं असावं. ती नवऱ्याबरोबर नागपूरला होती. एके दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"आई, आम्ही वेगळे झालोय."

वृषालीनं ऐकलं, 'वेंगुर्ल्याला आलोय.' ती म्हणाली, "छान. मासे खा भरपूर."

 पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज आला, किंवा आला असावा. खरी गोष्ट वृषालीला कळली ती चार दिवसांनी, विहीणबाईंकडून. विहीणबाई सुदैवानं ओरडून बोलायच्या.

ओवी पुण्याला आईकडं राहायला आली. त्या फोनबद्दल ती एकदाही बोलली नाही. बोलली असेल तर वृषालीला ऐकू आलं नाही, आणि नेमका हाच विचार तिला झोपू देईना. तिनं डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर मैत्रेयी हुपरीकर वयानं ओवीएवढी. तिनं समजावून सांगितलं. कानाच्या आत शंखासारखी एक वळणदार नळी असते आणि तिच्यात हजारो सूक्ष्म केस उभे असतात. आवाज आला की ते डोलतात आणि मेंदूला निरोप जातो. नळीच्या दाराशी असतात ते केस उंच, बारीक आवाजांचे: स, श, फ, पैंजण, झांज. आत खोल असतात ते ढोलाचे. प्रत्येक आवाज आत जातो तो दारातूनच, म्हणून दाराशी असलेले आधी तुडवले जातात. पक्ष्यांचे मेलेले केस पुन्हा उगवतात, माशांचे उगवतात, माणसाचे नाही. आता मात्र कानाच्या आत एक थेंब सोडला, की केसांच्या शेजारच्या झोपलेल्या पेशी जाग्या होतात आणि स्वतःच केस होतात.

"पण एकदाच," डॉक्टर म्हणाली. "शेजारणी संपल्या की संपल्या. नवे केस फार नाजूक असतात, काकू. मिक्सर चालेल, ट्रॅफिक चालेल. त्यापुढचा आवाज जन्मभर वर्ज्य."

"लग्नाची वरात?"

"लांबून."

"आणि समजा, कुणी तळघरात बँड लावला तर?"

डॉक्टरनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "काकू, तुम्ही त्यातल्या का? या महिन्यात तुम्ही तिसऱ्या."

एका वेळी एकच कान करत. आधी उजवा; तो स्थिरावला की डावा. मात्र वर्षाच्या आत. त्यानंतर डाव्या बाजूच्या नसा सुकतात आणि मग तो कान गेला तो गेला. उजवा झाला. वृषालीला भेंडी ऐकू आली. ओवी रोज रात्री जेवताना काय काय बोलते तेही ऐकू आलं, आणि त्यातलं बरंच आधी ऐकायला हवं होतं, हेही कळलं.

डावा कान म्हणजे खड्ड्यात उतरायचा शेवटचा जिना, हे तिच्या लक्षात होतं. उजव्यावर जाड टोपण लावून डाव्यानं ऐकणं जमत होतं. दोन्ही नवे झाले की दोन्हींवर टोपण. मग तळघरात बसलं काय आणि दातांच्या दवाखान्यात बसलं काय, सारखंच. पण डावा अजून जुना होता. वर्ष संपायला वेळ होता. अशा वेळेत माणूस काहीही ठरवत नाही.

*

ऑक्टोबरच्या उकाड्यातल्या पहिल्या रविवारी ती वखारीत गेली. बिनचालकाची रिक्षा मिळाली. चालक गेले तरी रिक्षांचा स्वभाव गेला नव्हता. 'मार्केट यार्डाकडे सध्या जाता येणार नाही' असं ती दोनदा गोड आवाजात म्हणाली आणि मग गेली.

खाली गजानन शेलार, म्हणजे गज्या, गायच्या तयारीत होता. गाणं म्हणजे पोटातून काढलेली डरकाळी. त्याआधी तो कवळी चिकटवून घ्यायचा, कारण मागं एकदा 'पाणीकपात' या गाण्यात ती निसटून पहिल्या रांगेत गेली होती, आणि प्रसाद समजून चाहत्यांनी उचलून डोक्यावर नाचवली होती. ड्रमवर शिरीष बोधनी. पांढरी दाढी, काळा बनियन, पूर्वी विम्याच्या कंपनीत होता. विशीत असताना त्याच्या झांजांची कीर्ती मुंबईपर्यंत गेली होती. ड्रमवरच्या त्या पितळी थाळ्यांना खड्ड्यात झांजच म्हणत. वृषालीचे बाबा एकदा ती थाळी नखानं वाजवून म्हणाले होते, "पितळ नाही, कासं आहे. पोरगं बरं ठोकतं." इतकी स्तुती त्यांनी आळीतल्याही कुणाची केली नव्हती.

'पाणीकपात' सुरू झालं. वृषाली मिक्सरवर होती. डाव्या कानात सगळं जागच्या जागी होतं: गज्याची गुरगुर, गिटारींची भिंत, तिच्यावरून धावणाऱ्या शिरीषच्या झांजा. लख्ख, थंड, उसळत्या. तिला त्या गाण्यात हीच जागा आवडायची. डोळ्यांसमोर दोनशे पोरं यायची.

तेव्हा तिला मोह झाला. नव्या कानाला एकदा ऐकवावं. घटकाभरच. तिनं उजवं टोपण बोटभर उचललं.

आवाज भिंत पडावी तसा अंगावर आला. ती दचकली, पण टोपण लगेच खाली केलं नाही, कारण काहीतरी चुकत होतं. ढोल होते. गिटार होती, बेसूर होती, ते एक असो. झांज नव्हती. तिला वाटलं माईक गेला. टोपण खाली केलं: झांज आली. वर केलं: गेली. खाली: आली.

मग तिनं शिरीषकडं पाहिलं. म्हणजे नुसतं बघतो तसं नाही, नीट. त्याचा उजवा हात वर जात होता, काठी झोकात खाली येत होती, आणि झांजेच्या दोन बोटं वर थांबून माघारी फिरत होती. प्रत्येक वेळी. थाळी स्टँडवर निवांत बसून होती, हलतसुद्धा नव्हती.

समोर बावीस माणसं त्या झांजेच्या ठेक्यावर माना हलवत होती.

*

कार्यक्रमानंतर वर इक्बालभाईंच्या ऑफिसात चहा असे. बाकीचे खाली वायरी गुंडाळत होते. शिरीष खुर्चीत बसून डाव्या हातानं बशी धरत होता.

"शिऱ्या," वृषाली म्हणाली, "झांज वाजवत नाहीस तू."

शिरीषनं चहा फुंकला. "कुठल्या कानानं ऐकलंस?"

"उजव्या."

"तरीच."

"कधीपासून?"

"खांदा गेला तेव्हापासून. चार वर्षं झाली असतील. आधी एकाआड एक मारायचो. कुणी काही बोललं नाही. मग कडव्यात एकदा. मग म्हटलं, बघू या तरी."

"आणि?"

"आणि काय? गज्या म्हणाला, आज झांजा काय लागल्यात." त्यानं बशी खाली ठेवली. "मी तुला घाबरत होतो, वृषे. म्हटलं ही पकडणार. तू त्या दिवशी माझ्याकडं बघून अंगठा वर केलास आणि झांजेचा आवाज वाढवलास."

वृषालीला हे लागलं. तिनं आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान बाळगला होता: कुठं खणलं तर पाणी लागेल हे सांगता येतं, आणि खड्ड्यात आपल्यासारखा कान नाही. मिक्सरवर आवाजाचा काटा असतो, पण त्याच्याकडं बघणं ती कमीपणाचं मानायची.

"आपल्याला ऐकू कशी येते मग?" ती म्हणाली.

"ते तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार. मला तर मी वाजवतो असंच वाटतं. काठी खाली आली की आतून झण्ण होतं. आईच्यान सांगतो, कधीकधी खरं वाजवायचो त्याहून बरं होतं."

"बाकीच्यांना सांगायला हवं."

"काय सांगणार?" शिरीष शांतपणे म्हणाला. "ऐकायला येतंय सगळ्यांना."

इक्बालभाई केळी घेऊन आले. विषय केळ्यांवर गेला.

डॉक्टरीणबाईंना वृषालीनं खरंच विचारलं. डॉक्टरला फारसं आश्चर्य वाटलं नाही. मेंदूला रिकामी जागा सोसत नाही, ती म्हणाली. शांततेत तो प्रामाणिक असतो, पण गोंगाटात एखादा आवाज यायला हवा आणि आला नाही, तर तो आपल्या साठ्यातला काढून लावतो. जितक्या वेळा ऐकलेलं गाणं, तितका साठा मोठा. "डाव्या कानानं तुम्ही बँड ऐकत नाही, काकू. निम्मा ऐकता, निम्मा आठवता. दोन्ही कान झाले की हे थांबेल. एकदा खरा आवाज मिळायला लागला की मेंदू साठा उघडत नाही."

वृषालीला वडील आठवले. आळीतलं ठोकायचं काम बंद पडल्यावरही म्हातारा दुपारी खिडकीत बसून असायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "आज काम जोरात चाललंय." घरच्यांना वाटायचं डोकं फिरलं. त्याचं डोकं चोख काम करत होतं.

*

डाव्या कानाची तारीख ओवीनं ठरवून आणली. मंगळवार. वर्ष संपायला थोडेच दिवस राहिले होते.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," वृषाली म्हणाली.

"नाही म्हटलेलं पण नाहीस."

दोघी बाल्कनीत मटार सोलत होत्या. मटारही बोलतो, शेंग फुटताना आणि दाणा भांड्यात पडताना, असा दोनदा. मागच्या आठवड्यात वृषालीला बसचा आवाज आला होता, पण एकाच कानानं ऐकल्यामुळं कुठून येतोय ते कळलं नव्हतं, आणि ती बसच्याच दिशेला सरकली होती. ओवीनं दंडाला धरून ओढलं. दंडावरचा वळ अजून हिरवा होता. ओवी त्याबद्दल बोलली नाही, नुसती बघायची.

मग वृषालीनं तिला झांजेची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली. ओवी ऐकत राहिली. मटार सोलून झाले तरी ती टरफलं हातात घेऊन बसली होती.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "तुला न वाजलेलं ऐकायला जायचंय."

"न वाजलेलं नाही. वाजून गेलेलं."

"आणि माझं?"

"तुझं काय?"

"मी बोलते ते." ओवीचा आवाज आणखी हळू झाला, उजव्या कानाला तो आला. "लहानपणापासून मी बोलले की तू मान हलवायचीस आणि भलतंच उत्तर द्यायचीस. मला वाटायचं, तू ऐकत नाहीस. तू साठ्यातलं काढत होतीस. कुठली तरी दुसरीच ओवी तुझ्याकडं साठवलेली होती, तिच्याशी बोलत होतीस."

 वृषालीनं ओवीच्या हातातली टरफलं घेतली आणि डब्यात टाकली. मग म्हणाली, "मंगळवारी जाऊ."

"नक्की?"

"त्याच्या आधी रविवार आहे."

*

खड्ड्यात बातमी पसरली तेव्हा निरोप समारंभ करायचा ठरला. आयुष्यभर समारंभांना शिव्या देणाऱ्या माणसांनी तो अतिशय रीतसर केला. शाल आणली, ती काळी होती. नारळाऐवजी केळ्यांची फणी. गज्यानं भाषण केलं. "वृषालीताईंनी आपल्याला इतकी वर्षं जे ऐकवलं," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला आठवेना, म्हणून टाळ्या झाल्या. एकीनं मागून विचारलं, "काय म्हणाला?" दुसरी म्हणाली, "जेवण आहे म्हणे."

ओवी आली होती. "तू कुठं जात होतीस ते मला एकदा बघायचंय," एवढंच म्हणाली. तिनं कानात पिवळे बोळे घातले होते आणि ती भिंतीला टेकून उभी होती, एवढ्या म्हाताऱ्यांत एकटी, दुसऱ्याच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आल्यासारखी. इक्बालभाईंनी तिला बसायला क्रेट दिला.

शिरीषशी वृषालीचं बोलणं झालं नाही. येताना तो म्हणाला, "आलीस?" ती म्हणाली, "आले." त्याच्याकडं पाहून तिनं झांजेचा आवाज वर केला. त्यानं मान डोलावली.

'पाणीकपात' शेवटी ठेवलं होतं. ते सुरू झालं तेव्हा वृषालीनं मिक्सरवरचे हात काढले. आता काय कमी-जास्त करायचं होतं? उजव्या टोपणावर तळहात घट्ट दाबला, डोळे मिटले आणि डावा कान पुढं केला.

साठा उघडला. झांजा आल्या, आजच्या नाहीत, सगळ्या. तळघरातल्या पहिल्या दिवसाच्या, नव्या कोऱ्या काशाच्या. बाबा जिन्यात उभे राहून ऐकत होते तेव्हाच्या. त्यांना ऐकू येत नव्हतं, तळव्यांतून कळत होतं. ओवी पोटात असताना तिनं लाथ मारली तेव्हाच्या. शिरीषची बायको गेली त्यानंतरच्या रविवारच्या, जेव्हा त्यानं इतक्या जोरात वाजवलं होतं की गिटारवाले थांबले होते. जी माणसं गेली त्यांच्या धडका आल्या, घाम आला, केळ्यांचा वास तर होताच. सगळं एकावर एक, आणि तरी प्रत्येक आवाज वेगळा. इतका चांगला मिक्स तिला उभ्या आयुष्यात जमला नव्हता.

गाणं संपलं. तिनं डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा लोक वायरी काढत होते.

ती खड्ड्यातून जिन्यावर आली. ओवी वरच्या पायरीवर बसली होती. बोळे काढून मुठीत धरले होते आणि चेहरा जरा उतरलेला होता.

"घाबरलीस?" वृषालीनं विचारलं.

"त्या शेवटच्याला. बोळे असून दचकले मी."

"कुठल्या शेवटच्याला?"

"झांज गं. अगदी शेवटी." ओवीनं तिच्याकडं पाहिलं. "ते दाढीवाले काका उभे राहिले ना. दोन्ही हातांनी काठी धरली आणि मारली. तू तर म्हणालेलीस ते वाजवत नाहीत."

 शेवटी झांज वाजली होतीच. वृषालीच्या डाव्या कानात ती नेहमीच वाजायची, त्याच जागी, तशीच. वेगळं काही आलं नव्हतं.

ती पुन्हा खाली गेली. शिरीष ड्रममागच्या क्रेटवर बसला होता. इक्बालभाईंनी त्याच्या खांद्यावर ओला टॉवेल ठेवला होता.

"खांद्याला काय झालं?"

"गाडी काढताना लागलं."

"तुझी गाडी स्वतःच निघते, शिऱ्या."

"म्हणूनच. हिसका बसतो." त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो मजेत दिसत होता. "ऐकलीस ना?"

 "ऐकली," ती म्हणाली.

"कशी होती?"

"नेहमीसारखी."

शिरीषनं समाधानानं डोळे मिटले. "मंगळवारी उपाशीपोटी जा म्हणे. आपल्यातल्या गोंधळ्यांच्या वसंताला चहा पिऊन गेला म्हणून परत पाठवला होता."

"जाईन."

"आणि मग इकडं येऊ नकोस. तिथून आलेली माणसं फार बारीक ऐकतात."

तिनं त्याचा टॉवेल सारखा केला, दुमडून पुन्हा खांद्यावर ठेवला, आणि वर आली.

बाहेर अजून ऊन होतं. वखारीसमोर हमाल घड उतरवत होते. ओवीनं रिक्षा बोलावली होती. ती यायला वेळ लागणार होता. सवयीनं ओवी आईच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली.

"कशी वाजली गं ती?" वृषालीनं विचारलं.

"कोण?"

"झांज. शेवटची. मला सांग कशी वाजली."

"मला नाही सांगता येणार, आई. मला यातलं काही कळत नाही."

"कळायचं काय त्यात? आलं तसं सांग. थांब, या बाजूला ये."

"पण त्या बाजूनं तुला—"

"मंगळवारपर्यंत आहे तो. ये."

ओवी डाव्या बाजूला आली. हमालांचा गलका चालू होता, मागं एक ट्रक धडधडत उभा होता. तिनं थोडा विचार केला, आणि नेहमीच्या हळू आवाजात सांगायला लागली. निम्मं ऐकू आलं. उरलेलं वाजलं.